अप्पांचा डिसेंबरचा हप्ता

वर्षात पंधरा तारीख बारा वेळा येते. त्यातल्या चारांनी माझं आयुष्य खाल्लं. पंधरा जून, पंधरा सप्टेंबर, पंधरा डिसेंबर आणि पंधरा मार्च. पंधरा ऑगस्ट यात नाही, म्हणून देशावरचं माझं प्रेम अजून शाबूत आहे. या चार तारखांना आगाऊ प्राप्तिकर भरायचा असतो, आणि नांदेडात बसून गेली सत्तावीस वर्षं मी लोकांना तो भरायला लावतो. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. कोर्टाची पायरी मी एकदाच चढलो, तीही चुकीच्या कोर्टाची. पण ते जाऊ द्या.

ज्यांचा पगार आहे त्यांना हे प्रकरण ठाऊक नसतं. त्यांचा कर आधीच कापून जातो, त्यांच्याकडे फक्त हळहळायचं काम उरतं. व्यापारी, डॉक्टर, कंत्राटदार यांना मात्र सरकार म्हणतं, वर्ष संपायची वाट बघू नका, कमवाल तसा भरा. जूनपर्यंत पंधरा टक्के, सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि मार्चमध्ये उरलेला सगळा. ऐकायला सोपं आहे. गोम अशी, की वर्षभरात नफा किती होणार हे जूनमध्येच ठरवावं लागतं. कमी सांगितला तर व्याज बसतं, जास्त सांगितला तर पैसे सरकारकडे अडकतात. ज्योतिष्याचं चुकलं तर तो वर शांतीचे पैसे घेतो. माझं चुकलं तर लोक माझ्याकडून व्याज मागतात.

आणि आमच्या भागात आपला होणारा नफा तोंडानं कोण सांगतो? लातूरच्या वैजनाथअप्पांना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या सुनेचं वजन विचारलं होतं.

"साहेब, तुरीचं बी अजून पोत्यात हाय. पेरनी न्हाई, पाऊस न्हाई. अन् तुमी म्हनताव, डाळीत किती सुटतील सांगा?"

"अंदाज सांगायचा अप्पा. नुसता अंदाज."

"अंदाज काय तोंडानं सांगायची चीज हाय व्हय?"

मग त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली. आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात, आणि अप्पांची दस्ती चांगली हातभर होती. ती माझ्या हातावर टाकली, खाली स्वतःचा हात घातला आणि माझी बोटं दाबली. हे घराणं मूळचं देवणीकडचं. तिथल्या बैलबाजारात सौदा असाच होतो. हजार माणसं भोवती उभी असतात, पण भाव कळतो तो दस्तीखालच्या दोन हातांनाच. जितकी बोटं धरली तितका आकडा. त्या बोटांचे लाख की दहा लाख, हे समोरच्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं. पहिल्या वर्षी मला डोळे वाचता आले नाहीत. तीन बोटांचे मी तीन लाख धरले. ते तीस होते. अप्पांना व्याज बसलं आणि मला त्यांच्या मिलचा चहा वर्षभर बिनसाखरेचा मिळाला.

अप्पांची डाळमिल त्यांच्या वडलांनी, थोरल्या अप्पांनी उभी केली. थोरले अप्पा, वैजनाथअप्पा आणि धाकटा उमाकांत, असं तिघांचं ते घर. तिघांचे कागद माझ्याकडे एकाच जाड खाकी फायलीत असायचे. तेरा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. मिल वैजनाथअप्पांनी ठेवायची आणि उमाकांतच्या हिश्श्याची किंमत द्यायची, असं ठरलं. किंमत किती, हे थोरल्या अप्पांनी दोघांच्या मधे बसून, एका दस्तीखाली एकेक हात दोन्ही पोरांना देऊन ठरवलं. बोटामागं पाच लाख. मी समोर बसलो होतो. मला दिसली ती फक्त दस्ती.

त्या दिवशी निघताना थोरले अप्पा मला म्हणाले, "वकीलसाहेब, सगळं वाटलं. तुमची फाईल तेवढी एकच राहू द्या."

पैसे द्यायची वेळ येण्याआधीच थोरले अप्पा गेले. मग वैजनाथअप्पा म्हणाले, बाबांनी चार बोटं धरली होती. उमाकांत म्हणाला, पाच. विचारायला मधला माणूस उरला नव्हता. वैजनाथअप्पांनी चार बोटांचे पैसे दिले, उमाकांतनं ते घेतले, भोकरला खता-बियाण्यांचं दुकान टाकलं, आणि एका बोटापायी दोघं भाऊ अकरा वर्षं बोलले नाहीत. लग्नं झाली, बारशी झाली, पण पत्रिका गेल्या नाहीत. दोघांत सामाईक उरला होता तो एकटा मी. आणि माझ्या कपाटातली ती फाईल. डाव्या बाजूला अप्पांचे कागद, उजव्या बाजूला उमाकांतचे. थोरल्या अप्पांच्या शब्दाखातर ठेवली, असं मी लोकांना सांगायचो. खरं सांगायचं तर नवीन फाईल लावायचा कंटाळा.

आता माझ्या मोठ्या पराक्रमाकडे येतो. पण त्याआधी एक लहान पराक्रम सांगितला पाहिजे, कारण मोठा त्याच्याच पोटी जन्मला.

नांदेडच्या एका हाडांच्या डॉक्टरांचा हप्ता मी चुकीच्या वर्षात भरला होता. कमाईचं वर्ष एक आणि आकारणीचं वर्ष त्याच्या पुढचं, अशी या खात्यात जुनी रीत होती. आता नव्या कायद्यानं ती मोडली म्हणतात, पण माझे केस गेल्यावर. तर मी पैसे भरायच्या चलनावर गेलं वर्ष टाकलं. डॉक्टरांचे पैसे गेल्या वर्षात जाऊन आरामात बसले, आणि चालू वर्षाची नोटीस आली. डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, डावा गुडघा दुखत होता, तुम्ही उजव्याचं ऑपरेशन केलंत." मी दुरुस्ती करून दिली, आणि त्या दिवशी शपथ घेतली की यापुढे प्रत्येक चलनावर वर्ष तीनदा वाचीन.

शपथ मी पाळली. दोन वर्षांपूर्वीच्या पंधरा डिसेंबरला, दुपारी, सरकारी संकेतस्थळावरची चकरी गोल गोल फिरत असताना, मी आधी उमाकांतचं चलन काढलं. मग अप्पांचं काढायला घेतलं. वर्ष तीनदा वाचलं. बरोबर होतं. रक्कम दोनदा वाचली. चार लाख ऐंशी हजार. बरोबर होती. पॅन नंबर मात्र समोर उघड्या असलेल्या फायलीतून उतरवला, आणि फाईल उघडी होती उजव्या बाजूला.

चलन लातूरला पाठवलं. अप्पांच्या मुनिमानं चेक लावून बँकेत भरलं आणि पावती मिलमधल्या तारेला टोचली. आमच्याकडं पावती वाचायची नसते, टोचायची असते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या हप्त्याचा हिशेब जुळवायला मी अप्पांचं खातं उघडलं. डिसेंबर कोरा. मला वाटलं, सरकारचीच काहीतरी गफलत. सरकारला चार शब्द बोलून घेतले. मग सहज उमाकांतचं खातं उघडलं. तिथं डिसेंबरचे दोन हप्ते, शेजारी शेजारी. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघा भावांचे पैसे एकत्र नांदत होते.

दुरुस्ती होत नाही असं नाही. पण ज्याच्या पॅनवर पैसे पडले त्यानं लिहून द्यावं लागतं, की हे पैसे माझे नाहीत, ते मूळ माणसाच्या नावे करायला माझी हरकत नाही. म्हणजे उमाकांतची सही. ती पंधरा मार्चच्या आत मिळाली तर अप्पांनी शेवटचा चौथा हिस्सा भरायचा. नाही मिळाली तर डिसेंबरचे चार लाख ऐंशी हजार पुन्हा भरायचे, वर व्याज. आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे तुरीची आवक. अप्पांचा पैसा न पैसा तेव्हा धान्याच्या मोंढ्यातल्या पोत्यांत असतो. ते भरू शकणार नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणजे मी भरायचे. माझ्याकडे तेवढे नव्हते. बायकोकडे होते.

मंगल शाळेतून निवृत्त झाली तेव्हा मिळालेल्या पैशांची तिनं ठेव केली होती. मी सगळं सांगितलं. तिनं वहीतून मान वर न करता ऐकलं.

"ठेव माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "माझ्या पॅनवर. तिथं चुकूनही हात घालू नका."

"अगं, माझ्या चुकीनं..."

"तुमच्या चुकांना पुरेल एवढी ठेव कुठल्याच बँकेत नाही. त्या माणसाची सही आणा."

मी लातूरची बस पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक स्थानकावर मी वाक्य बदलत होतो. मिलमध्ये पोचेपर्यंत वाक्य इतकं घासलं गेलं होतं, की तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "अप्पा, तुमचा हप्ता उमाकांतच्या नावावर भरला."

अप्पांच्या भुवयांवर डाळीची पिवळी धूळ होती. त्यांनी ती पुसली नाही. "कुनी भरला?"

"मी."

"म्हंजे माजे पैसे, त्याचं नाव?"

"हो."

"त्याला कळलं?"

"अजून नाही. पण कळवावं लागेल. सही त्याचीच लागते."

अप्पांनी मान वळवून मिलकडं पाहिलं. मागं चाळण्या धडधडत होत्या. मग म्हणाले, "आता तर आवक चालू हाय साहेब. माज्याकडं दुसऱ्यांदा भरायला फुटका पैसा न्हाई. तुमीच आना सही. मी त्याच्या दारात जानार न्हाई. बाबांच्या बोटावर त्यानं संशय घेतलाय."

दुसऱ्या दिवशी भोकर. उमाकांतच्या दुकानात खताचा वास डोळ्यांत झोंबत होता, त्यामुळं माझे डोळे पाणावले ते वेळेवरच झालं. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं, आणि हसायला लागला. हसता हसता खोकला.

"म्हणजे दादानं पैसे दिले?"

"दिले नाहीत. चुकून पडले."

"कोणाच्या हातानं पडले? तुमच्या. बाबांच्या वेळेपासूनचा माणूस तुमी. देवानं बरोबर माणूस धरला." त्यानं समोरचं कॅल्क्युलेटर ओढलं. "चार ऐंशी. माझं बोट पाच लाखाचं. वीस हजार कमी पडून राहिले, पण चालंल. दादाला सांगा, वीस माफ."

"उमाकांत, अरे हे आगाऊ कराचे पैसे आहेत. वाटणीचे नाहीत."

"मग आगाऊच झालं की! अकरा वर्षं उशिरा, पण आगाऊ. मी आता मार्चचा हप्ताच भरत न्हाई. दादा भरून राहिला ना माझा."

कायद्यानं तो चूक बोलत नव्हता. पैसे त्याच्या नावावर होते. माझ्या सत्तावीस वर्षांच्या अनुभवात एवढा पक्का आणि एवढा वैतागवाणा युक्तिवाद मी ऐकला नव्हता, आणि त्याची सगळी कागदपत्रं मीच तयार केली होती.

मी हात जोडले. बायकोच्या ठेवीची गोष्ट सांगितली. तेव्हा त्यानं कॅल्क्युलेटर बाजूला सारलं. "काकूंचे पैसे कामून जावेत?" तो म्हणाला. मग खतांच्या गोण्यांकडे बघत म्हणाला, "सही करतो. पण दादा येऊ द्या. तुमच्या हापिसात येऊ द्या. दस्तीखाली हात देऊ द्या. बाबांनी कशी बोटं धरली होती, ते मी त्याला धरून दाखवतो. तोंडानं मी बोलणार न्हाई."

हा निरोप अप्पांना सांगायला मी तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्यांदा म्हणाले, बघू. तिसऱ्यांदा मी फक्त तारीख सांगितली. चौदा मार्च, दुपारी. ते म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुमी तुमची फाईल आधी बगून ठेवा," आणि पुन्हा ठेवून दिला.

चौदाला दोघं आले. आधी उमाकांत. मग अप्पा. दोघांनी मला नमस्कार केला, एकमेकांना नाही. माझ्या टेबलासमोर दोनच खुर्च्या आहेत, शेजारी शेजारी. अकरा वर्षांत एवढ्या जवळ ते बसले नसतील. मी चहा मागवला. कोणी घेतला नाही. मी हवापाण्याचं बोललो. तेही कोणी घेतलं नाही.

शेवटी अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढून गुडघ्यावर टाकली. हात आत घातला. उमाकांत क्षणभर दस्तीकडे बघत राहिला. मग त्यानंही हात घातला.

मी बैलबाजारात सौदे पाहिलेत. मिनिटभरात उरकतात. हा उरकेना. दस्ती हलत होती, थांबत होती. उमाकांतनं बहुतेक बाबांची बोटं धरून दाखवली, कारण अप्पांनी एकदम मान वर केली. मग अप्पांनी काहीतरी दाबलं. उमाकांतनं डोकं हलवलं, नाही. पुन्हा अप्पा. पुन्हा नाही, पण हळू. मग बराच वेळ दस्ती हललीच नाही. आकडा सांगताना हात थांबत नाही. दोघं नुसते हात धरून बसले होते, आणि दोघंही खिडकीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बघत होते, जणू सगळा मामला तिथेच चालू होता.

उमाकांतनं हात बाहेर काढला. घसा साफ केला. "कुठं करू सही?"

मी एवढा मोकळा झालो, की घाईघाईत कागद पुढे सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तो अप्पांचा अर्ज होता.

"वाचा आधी!" दोघं भाऊ एकदम ओरडले.

अकरा वर्षांतला त्यांचा पहिला संवाद तो. त्यात मी होतो, हे मी अभिमानानं नोंदवून ठेवतो. मी योग्य कागद काढला. दोघांनी तो वाचला, एकेक शब्द, एकाच चष्म्यातून, आळीपाळीनं. मग उमाकांतनं सही केली. मंगलची ठेव वाचली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी शेवटचा हप्ता भरला, आणि पुढे यथावकाश अधिकाऱ्यांनी डिसेंबरचे पैसे त्यांच्या नावे केले.

गोष्ट इथं संपली असती तर मी तिचा नायक ठरलो असतो. एप्रिलमध्ये दोघं पुन्हा आले, या वेळी एकाच गाडीतून. चहा घेतला. मग अप्पा म्हणाले, "साहेब, राग मानू नका. लातूरला एक सीए हाय. कॉम्प्युटरवर सगळं. चूक होत न्हाई त्याच्याकडं. आमी दोगांनी ठरवलं."

अकरा वर्षं ज्यांचं एका बोटावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं माझ्यावर झालं. मी फाईल काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "वेगवेगळी करून देऊ का?"

अप्पांनी उमाकांतकडे पाहिलं. "आसू द्या एकच."

ते गेल्यावर कपाटात फायलीएवढी फट राहिली. मी तिथे दुसरी फाईल लावली नाही. या वेळी कंटाळा नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दारात पुन्हा दोघं. उमाकांतच्या काखेत तीच खाकी फाईल.

"काय झालं?"

"तो सीए मानूस भला हाय," अप्पा बसत म्हणाले. "पन नफ्याचा अंदाज कागदावर लिवून द्या म्हनतो. दस्तीखाली सांगतो म्हनलं, तर हसला."

"हसला," उमाकांतनं दुजोरा दिला. "मेल करा म्हणाला."

अप्पांनी दस्ती काढून टेबलावर पसरली. मी दोन्ही हात आत घातले. उजवा अप्पांनी धरला, डावा उमाकांतनं. दोघांची बोटं एकाच वेळी दाबली गेली आणि मी दोन्ही आकडे पाठ करून घेतले, डोळ्यांसकट. मग मला राहवलं नाही.

"अप्पा, एक विचारू? मार्चमध्ये दस्तीखाली काय ठरलं? शेवटी किती बोटं?"

दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसले. अप्पांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली.

"त्याच्यावर टॅक्स न्हाई साहेब. तवा तुमाला सांगायचं काम न्हाई. तुमी आपलं नंबर वाचा."

मी वाचला. तीनदा, मोठ्यानं, आधी डाव्या बाजूचा, मग उजव्या. दोघंही फायलीवर वाकून माझ्याबरोबर वाचत होते.